ज्युरीचा निकाल आणि आपलं पाहणं

गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवाला मी नियमित जातो आणि पुण्याचा पिफही सहसा चुकवत नाही. आमच्या फिल्म सोसायटीत पुढे वर्षभर काय दाखवायचं, ते बरंचसं तिथेच ठरतं. मध्यंतरी एका छोट्या महोत्सवाने ज्युरीत बोलावलं आणि निकाल जिथे ठरतो त्या खोलीतही बसायला मिळालं. या सगळ्यातून माझ्यापुरतं जे पक्कं झालं, ते महोत्सवाला नव्याने जाणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

१. निवडणारे वेगळे, निकाल देणारे वेगळे

‘ज्युरीने अमुक चित्रपट घेतलाच नाही’ अशी तक्रार पणजीत आयनॉक्सच्या आवारात दरवर्षी ऐकू येते. इफ्फीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अलीकडे साधारण पंधरा चित्रपट असतात आणि पाच जणांची ज्युरी ते पाहते. हे पाच जण येण्याच्या कितीतरी आधी निवड समितीने ढीगभर प्रवेशिकांमधून ते पंधरा वेगळे काढलेले असतात. समितीने बाजूला ठेवलेला चित्रपट ज्युरीसमोर कधी येतच नाही. मला विचाराल तर महोत्सवाचा खरा कस या निवडीतच लागतो, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

इफ्फीतल्या भारतीय चित्रपटांच्या विभागाची, म्हणजे इंडियन पॅनोरमाची ज्युरी ही मात्र मुळात निवड करणारीच ज्युरी. २०१७ साली तिच्या बाबतीत जे झालं ते मराठी प्रेक्षकाने विसरू नये. सुजॉय घोष यांच्या अध्यक्षतेखालच्या तेरा जणांच्या ज्युरीने रवी जाधव यांचा ‘न्यूड’ आणि सनलकुमार शशिधरन यांचा मल्याळम ‘एस दुर्गा’ निवडला होता. ‘न्यूड’ तर पॅनोरमाचा उद्घाटनाचा चित्रपट ठरला होता. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने अंतिम यादीतून दोन्ही वगळले. घोष यांनी राजीनामा दिला. ‘एस दुर्गा’चं प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने दाखवा म्हटलं, तरी गोव्यात तो प्रेक्षकांना दिसला नाही. त्याच वर्षी रॉटरडॅमला त्याला टायगर पुरस्कार मिळालेला होता! ज्युरीने निवडलेला चित्रपट आवडणं न आवडणं हा प्रेक्षकाचा हक्क आहे. तो प्रेक्षकापर्यंत पोचूच न देणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती चूक आहे, असं मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. ज्युरी नेमली की तिचा शब्द पाळायचा. पाळायचा नसेल तर नेमण्यात अर्थ नाही.

२. निकाल चर्चेतून निघतो, आणि चर्चा माणसांची असते

ज्युरी म्हणजे गुणांची बेरीज करणारे परीक्षक, अशी समजूत असते. मी बसलो होतो तिथे पहिल्या फेरीत गुण लिहिले गेले खरे, पण बेरजेवर कोणीच समाधानी नव्हतं. ज्या चित्रपटावर एकाचा फार जीव होता, त्याच्यावर दुसऱ्याचा तितकाच राग होता. बेरजेत पुढे आलेला चित्रपट सगळ्यांना बरा वाटलेला, पण कोणालाच अस्वस्थ न केलेला. मग कागद बाजूला ठेवून बोलणं सुरू झालं. आमच्यातल्या संकलक बाईंनी एका प्रसंगातले कट्स एकेक करून समजावून सांगितले आणि तिघांचं मत फिरलं. दुसऱ्याच पाच जणांना बसवलं असतं तर निकाल दुसराच लागला असता. त्याने निकाल खोटा ठरत नाही. त्या खोलीतल्या माणसांनी पुरेसं मन लावून पाहिलं का, ऐकलं का, एवढंच विचारायचं असतं.

इतिहासही हेच सांगतो. कानच्या १९४६ च्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक अकरा चित्रपटांना मिळालं, त्यांत चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ होता. १९६० साली कानमध्येच अंतोनियोनींच्या ‘लाव्हेंतुरा’ची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. लगेच अनेक दिग्दर्शक आणि समीक्षक जाहीरपणे त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि कादंबरीकार जॉर्ज सिमेनॉन यांच्या ज्युरीने त्याला ज्युरी पारितोषिक दिलं. सभागृह चुकलं होतं, ज्युरी बरोबर होती. १९९१ साली रोमन पोलान्स्की यांच्या ज्युरीने कोएन बंधूंच्या ‘बार्टन फिंक’ला पाम द’ओर, दिग्दर्शन आणि अभिनय अशी तीन पारितोषिकं एकट्याला देऊन टाकली. नंतर कानने नियमच कडक केले, म्हणजे एका चित्रपटावर सगळी पारितोषिकं जाऊ नयेत. काही वेळा सर्वोत्तम चित्रपटाला दुसरं पारितोषिक का मिळत नाही, याचं उत्तर अशा नियमांत असतं. कारस्थान शोधायच्या आधी नियमावली वाचावी.

मला सर्वांत आवडतं उदाहरण आपल्या ‘किल्ला’चं. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात, मुलांसाठीच्या विभागात दोन ज्युऱ्या होत्या. एक मोठ्यांची, एक मुलांची. अकरा ते चौदा वयाच्या बर्लिनच्या मुलांनी क्रिस्टल बेअर दिला तो अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला. मोठ्यांनी त्याची विशेष दखल घेतली, पण मुख्य पारितोषिक एका अर्जेंटिनी चित्रपटाला दिलं. कोकणातल्या पावसात वडिलांविना नव्या शाळेत आलेला मुलगा त्या परक्या मुलांना आपला वाटला. त्यांचा निकाल मला आजही जास्त जवळचा वाटतो.

३. शेवटपर्यंत बसा

‘पथेर पांचाली’ १९५६ साली कानमध्ये दाखवला गेला, तेव्हा त्याच वेळेला जपानी पथकाची मेजवानी होती आणि मोजकेच समीक्षक खेळाला आले होते. तरीही जे आले त्यांनी चित्रपट पडद्याआड जाऊ दिला नाही आणि अखेर ‘सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज’ म्हणून त्याचा गौरव झाला. याउलट अर्ध्यातून उठून पुढच्या पडद्याकडे पळणारे डेलिगेट इफ्फीत दर खेळाला दिसतात. दिवसाला पाच चित्रपट गाठायची हौस मी समजू शकतो. पण संथ चित्रपट बहुधा शेवटच्या वीस मिनिटांत आपलं म्हणणं मांडतो. तीनच पाहा, पण पुरे पाहा.

४. मोठ्या पारितोषिकाच्या आजूबाजूला नजर ठेवा

एका महोत्सवात अनेक ज्युऱ्या असतात. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत नव्हताच. तो ‘ओरिझोंती’ या समांतर विभागात होता. तिथला सर्वोत्कृष्ट चित्रपट तो ठरला, आणि पदार्पणातल्या चित्रपटांसाठी असलेल्या वेगळ्या ज्युरीनेही त्यालाच निवडलं. ताम्हाणे २०२० साली ‘द डिसायपल’ घेऊन मुख्य स्पर्धेत पोचले. केट ब्लँचेट यांच्या ज्युरीने पटकथेचं पारितोषिक दिलं, आणि समीक्षकांच्या फिप्रेस्कीच्या ज्युरीनेही त्यालाच गौरवलं. सुवर्णसिंह त्या वर्षी ‘नोमॅडलँड’ला गेला, त्यामुळे बातम्यांत तेवढंच राहिलं. अभिजात संगीताच्या साधनेवर आणि अपुऱ्या पडणाऱ्या प्रतिभेवर इतक्या धीराने केलेला मराठी चित्रपट दुसरा मला माहीत नाही.

म्हणून कॅटलॉग हातात आला की मी समांतर विभाग आणि पदार्पणाचे चित्रपट आधी वाचतो. नावाजलेले चित्रपट पुढे कुठे ना कुठे सापडतात. एखाद्या छोट्या देशातल्या नव्या दिग्दर्शिकेचा चित्रपट पणजीत चुकला, तर त्याची पुन्हा गाठ पडेलच असं नाही.

५. सबटायटल्सवर पैसे वाचवू नका

हे आपल्या निर्मात्यांसाठी. आमच्या ज्युरीत परभाषक सदस्य होते. एका चांगल्या भारतीय चित्रपटाची सबटायटल्स इतकी उशिरा आणि तुटक येत होती, की विनोदाच्या जागी ते गप्प बसले आणि गंभीर जागी गोंधळले. चर्चेत तो चित्रपट पहिल्या दहा मिनिटांत बाद झाला. काम करणाऱ्यांची सगळी मेहनत तिथे संपली.

६. ज्युरीत कोण आहे ते वाचा

१९६५ साली इफ्फी पहिल्यांदा स्पर्धात्मक झाला, तेव्हा ज्युरीचे अध्यक्ष सत्यजित राय होते आणि सुवर्णमयूर गेला लेस्टर जेम्स पेरीस यांच्या ‘गंपेरलिया’ला. श्रीलंकेच्या एका खेड्यातल्या ढासळत्या घराण्याची ती गोष्ट ओळखायला तशीच नजर लागत होती. अलीकडे पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ २०२४ मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेत उतरला. भारतीय चित्रपट तिथे तीस वर्षांनी आला होता, आणि त्याला ग्रां प्री मिळालं. पुढच्याच वर्षी कपाडिया त्याच महोत्सवाच्या ज्युरीत बसल्या. अशी माणसं ज्युरीत येतात तेव्हा स्पर्धेतल्या नवख्या दिग्दर्शकालाही भरवसा वाटतो की आपलं काम कोणीतरी समजून पाहणार आहे.

७. निकालानंतरचं काम आपलं

ज्युरीचं काम समारोपाच्या रात्री संपतं. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला वर्ल्ड सिनेमा विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. सनडान्सला पोचलेला तो पहिला मराठी चित्रपट. वडिलांच्या दहा दिवसांच्या दुखवट्यात गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या, यांच्यातलं नातं त्यात फार हळुवारपणे उलगडतं. असे चित्रपट पुढे आपल्याकडे लागतात तेव्हा खेळ मोजके असतात, वेळा अडचणीच्या असतात, आणि पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या रिकाम्या दिसल्या की चौथ्या दिवशी पाटी उतरते.

तेव्हा विनंती एवढीच. परदेशातल्या ज्युरीने मराठी चित्रपटाला उचलून धरल्याची बातमी वाचून अभिमान वाटला असेल, तर तो चित्रपट गावात लागेल त्या शुक्रवारी, शनिवारी किंवा रविवारी तिकीट काढून पाहा, आणि सोबत आणखी दोघांना घेऊन जा.