नाव सुचवण्याआधी

शिर्डीच्या साई संस्थानची व्यवस्थापन समिती २००४च्या कायद्यानुसार राज्य सरकार नेमतं. त्याच शिर्डीच्या परिसरातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीची कमिटी मात्र आम्हालाच निवडावी लागते. नावं सुचवणाऱ्या गटात काम करताना जे उमगलं, ते असं :

१. आधी काम ठरवा, मग माणूस शोधा. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय पाहा. रोजच्या वाटपात काही विधवांची उपेक्षा होते, ही तक्रार आधी आली. सात जणांची निवड झाली ती त्यानंतर. म्हणून वार्षिक सभेच्या बऱ्याच आधी आम्ही घरोघर विचारतो. आजाऱ्यांना भेटायला कोण जातं? हिशेब कोणाला कळतो? तरुण पोरं उपासना संपताच का निघून जातात? उत्तरं कागदावर उतरली की नावं सुचू लागतात, आणि ती बहुतेकदा नेहमीची नसतात.

२. भावकी सांभाळा, पण तिला मत देऊ नका. आमच्याकडे मंडळी म्हणजे मोजकी आडनावं आणि सगळे एकमेकांचे सोयरे. भरसभेत हात वर करायला सांगितलं की माणूस आधी काकांकडे बघतो. म्हणून नाव लेखी घ्यावं, कारणासकट. ‘माणूस चांगला आहे’ हे कारण नव्हे. त्यानं काय केलं ते लिहा. सुचवणाऱ्या गटात एका घरातले दोघं नकोत. गटातल्याच कोणाचं नाव आलं, तर त्यानं गट सोडावा.

३. संमती घरी जाऊन विचारा. उपासनेनंतर चारचौघांत विचारलं तर भिडेपोटी होकार मिळतो, आणि तीनच महिन्यांत माणूस सभेला यायचा थांबतो. इथं अनेकांची नोकरी हॉटेलात, दवाखान्यात. गुरुवारी पालखीची गर्दी, रविवारी पाळी. सभा कोणत्या वारी जमेल, हेही तेव्हाच बोलावं. विचाराला आठवडा द्यावा. नकार आला तर त्याचं कारण गटाबाहेर जाऊ नये.

४. महिला मंडळाच्या वहीत डोकवा. वर्गणीचा चोख हिशेब तिथंच सापडतो. खजिनदार तिथूनच का नसावी?

५. नगरची पहिली मंडळी १८३३ची. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक पाळक झाले १८५४मध्ये. इथली माणसं पाळक व्हायला लागलेली ही एकवीस वर्षं मला फार वाटतात. म्हणून आता आम्ही कमिटीच्या प्रत्येक जुन्या सभासदाबरोबर एक तरुण जोडतो. बँकेत तोच जातो, पावती तोच फाडतो.