पोरांचा पहिला मुक्कामी ट्रेक: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

अंबरनाथ-बदलापूरच्या मुलांना डोंगर बघायला लांब जावं लागत नाही. कर्जत लोकलच्या खिडकीतूनच मलंगगड, चंदेरी, पेब दिसत राहतात. मग दहावी-अकरावीतलं पोर एक दिवस घरी सांगतं, मित्रांबरोबर राजमाचीला मुक्कामी जायचंय. बूट, सॅक, टेंट धरून दहा हजार लागतील. एवढे लागत नाहीत. साडेतीन हजारांच्या आसपास सगळं नीट बसतं, फक्त पैसे योग्य जागी पडायला हवेत. खालचे आकडे अंदाजाचे आहेत. दुकान आणि हंगाम बघून मागेपुढे होतील.

तयारीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग फुकट आहे, आणि नेमका तोच टाळला जातो. निघण्याआधी निदान सहा आठवडे चालायला सुरुवात करा. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं आणि इमारतीचे जिने. रविवारी मलंगगडाच्या पायऱ्या, दर्ग्यापर्यंत. त्याच्या वरचा कडा मुलांसाठी नाही. शाळेच्या दप्तरात पाण्याच्या बाटल्या भरून चढायचं आणि वर पोचल्यावर पाणी झाडांना घालून हलकं होऊन उतरायचं, म्हणजे चढताना दम वाढतो आणि उतरताना गुडघे वाचतात. पंचेचाळीस किलोच्या मुलाच्या पाठीवर पहिल्या वेळी सहा किलोंपेक्षा जास्त ओझं नको. त्यातले तीन किलो नुसतं पाणीच असतं, हे लक्षात ठेवून बाकीचं सामान काढा.

पैसे पहिल्यांदा बुटांवर घाला. सह्याद्रीत भटकणारे अनेक जण ॲक्शनचे ट्रेकिंगचे बूट वापरतात, ते हजार-दीड हजारांत मिळतात. पाच हजारांचे बूट वाढत्या पायाला वर्षभरात लहान होतील. बूट संध्याकाळी, जाड मोजे घालून मापावर घ्या आणि दोन-तीन आठवडे क्लासला घालून जायला लावा. कोरे करकरीत बूट थेट गडावर नेले की फोड येतात, आणि फोड आलेलं एक मूल अख्ख्या गटाला थांबवतं.

कपड्यांना खर्च जवळजवळ नाही. उल्हासनगर जीन्सचं गाव, पण डोंगरावर जीन्स नको. ती भिजली की जड होते, लवकर वाळत नाही आणि मांड्या सोलून काढते. तिथल्याच गजानन मार्केटमध्ये फिरलात तर ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा पटकन वाळणारा टी-शर्ट मिळून पाचशे-सहाशेत भागेल. घरात असेल तर तेही घेऊ नका.

विजेरी मात्र चांगली हवी. डोक्याला बांधायची, तीनशे ते पाचशेची, सोबत जादा सेल. मोबाइलचा उजेड हा विजेरीला पर्याय नाही. मदतीला फोन करायची वेळ येते तेव्हाच बॅटरी संपलेली असते. शिट्टी, ओआरएसची पाकिटं, क्रेप बँडेज आणि नेहमीची औषधं, सगळं मिळून तीनशे.

टेंट, स्लीपिंग बॅग, साठ लिटरची सॅक पहिल्या वेळी विकत घेऊच नका. राजमाचीच्या उधेवाडीत गावकरी जेवण आणि झोपायची सोय करतात. माणशी पाचशे-सहाशे धरा. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर रात्री गरम भाकरी मिळते आणि पैसा गावातच राहतो. घरची चादर आणि दोनशे-तीनशेची फोमची मॅट पुरते.

प्रवास स्वस्त आहे. कर्जतपर्यंत सेकंड क्लासचं तिकीट दहा-पंधरा रुपयांत. पुढे कोंदिवड्यापर्यंत टमटम, वाटून घेतली तर माणशी पन्नासच्या आसपास. तिथून कोंढाणे लेण्यांवरून चढ तीन-चार तासांचा. परतीच्या लोकलचं वेळापत्रक कागदावर लिहून द्या. एक गाडी चुकली तर पुढचीला बराच वेळ लागतो.

ट्रेक नेणाऱ्या संस्थेबरोबर पाठवणार असाल तर एका मुक्कामाचे हजार ते दीड हजार पडतात. त्यात जेवण, मुक्काम आणि बहुतेकदा कर्जतपासूनचा प्रवास येतो, म्हणजे वरचा वेगळा खर्च वाचतो. आकड्यापेक्षा प्रश्न महत्त्वाचे. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते; तो क्रमांक मागा. किती मुलांमागे किती लीडर? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाला आहे? विमा आहे का? मुली असतील तर बाई लीडर आहे का? या प्रश्नांवर जो चिडतो, त्याच्याकडे मूल सोपवू नका, फी कितीही कमी असो.

वेळ ऑक्टोबर ते फेब्रुवारीची निवडा. पावसाळ्यात डोंगर सुंदर असतो, पण नवख्या मुलांच्या मुक्कामासाठी तो नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्या अनेकांनाही सुटता आलं नाही. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला धबधब्याखालच्या डोहांत मुलं बुडाली आहेत. म्हणूनच प्रशासन पावसाळ्यात अशा ठिकाणी मनाई आदेश काढतं, आणि ‘नुसतं पाय भिजवून येतो’ यावर घरच्यांनी हो म्हणू नये. चंदेरी घराच्या जवळ आहे, म्हणून सोपा समजू नका. वरचा भाग घसाऱ्याचा आणि कड्याचा आहे. तो दोन-तीन वर्षांनी, जाणत्या माणसांबरोबर.

निघायच्या आदल्या रात्री एक कागद दोन प्रतींत करा: मुलांची नावं, रक्तगट, ॲलर्जी, वाट, मुक्कामाच्या घराचा फोन, परतायची वेळ. एक प्रत सॅकमध्ये, एक घरी. आणीबाणीला 112. शिवाय गिर्यारोहकांचं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. त्यांचा नंबर आधीच शोधून सगळ्यांच्या फोनमध्ये घाला.

आणि पैसे भरण्याआधी रद्द करण्याच्या अटी वाचा. लीडरने हवामान बघून अर्ध्या वाटेतून मागे फिरवलं तर फी परत मिळणार नाही, हे मुलालाही आधी सांगून ठेवा, म्हणजे पैसे वाया जातील म्हणून तो वर जायचा हट्ट धरणार नाही.