भरलेला ट्रेलर आणि लहान डिझेल एसयूव्ही

प्रश्न : सिडनीहून मेलबर्नला घर हलवताना भरलेला ट्रेलर लहान डिझेल एसयूव्हीने ओढून नेणे सुरक्षित ठरेल का?

उत्तर : डिझेल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारे पिळाचे बळ, कमी फेऱ्यांतच मिळत असल्याने अशी गाडी भार सहज ओढते, परंतु खरा प्रश्न तो भार थांबवण्याचा व स्थिर राखण्याचा आहे, आणि त्याकडेच होणारे दुर्लक्ष चिंताजनक आहे. ऑस्ट्रेलियात ट्रेलरच्या आसांवरील भार 750 किलोहून अधिक असल्यास त्याला स्वतःचे ब्रेक लागतात. मात्र गाडीच्या उत्पादकाने त्याहून कमी मर्यादा घातली असेल, तर तीच पाळावी लागते. ट्रेलरचा दांडा गाडीच्या हुकावर जे वजन टाकतो, ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे 10 टक्के असावे. जड सामान मागे रचल्यास हे प्रमाण घटून ट्रेलर वेगात डोलू लागतो, आणि अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबणे किंवा स्टिअरिंग झटक्याने फिरवणे घातक ठरत असल्यामुळे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून वेग आपोआप उतरू द्यावा. सिडनी-मेलबर्नदरम्यानच्या ह्यूम महामार्गाने होणाऱ्या सुमारे 880 किलोमीटरांच्या प्रवासात लांब चढ-उतार असल्याने उतारावर खालचा गिअर वापरावा, म्हणजे ब्रेक तापून निकामी होत नाहीत. निघण्यापूर्वी भरलेल्या ट्रेलरचे वजन वजनकाट्यावर करावे, आणि ते मर्यादेबाहेर असल्यास सामान मालवाहतूकदाराकडेच सोपवावे.