ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट व गिअर बॉक्स उतरविताना

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ६, सुरत जिल्ह्यातील हजीरा येथे सुरू होतो. तेथील कारखान्यांचे पोलाद व खत घेऊन निघालेले ट्रक नवापूरमार्गे धुळे-जळगावकडे येतात. वाटेत कोंडाईबारीच्या घाटात क्लचची खरी परीक्षा होते. क्लच प्लेट झिजली म्हणजे ती बदलण्यासाठी आधी प्रोपेलर शाफ्ट व मग गिअर बॉक्स उतरवावा लागतो. गॅरेजचा खर्च परवडत नसला की हे काम पुष्कळदा घरच्या अंगणातच काढले जाते.

त्यात सर्वांत घातक समजूत ही की, गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे ती हलणार नाही. गिअर चाकांना धरून ठेवतो तो शाफ्टच्या द्वारेच. शाफ्ट सुटला की हा दुवा तुटतो आणि भरीव वाटणारी गाडी किंचित उतारावरही सरकू लागते. ज्या गाड्यांचा हातब्रेक गिअर बॉक्समागील ड्रमवर असतो, त्यांत तोही निरुपयोगी ठरतो. या वेळी माणूस नेमका गाडीखाली असतो. म्हणून गाडी रिकामी करून सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी व चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकाव्यात. विटांवर भिस्त ठेवू नये. वीट पूर्वसूचना न देता फुटते. गाडी उचलावी लागल्यास नुसत्या जॅकवर न ठेवता लोखंडी घोड्यांवर टेकवावी.

बॅटरीची तार काढून गिअर बॉक्समधील तेल भांड्यात उतरवावे. ते मातीत ओतू नये. शाफ्ट सोडण्यापूर्वी जोडाच्या दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करावी. खुणेवाचून तो फिरवून बसविला गेला, तर तोल बिघडून गाडी थरथरते व क्रॉस लवकर झिजतात.

मोठ्या ट्रकचा गिअर बॉक्स शंभर किलोंहून जड असू शकतो. तो हातांवर झेलण्याचे धाडस करू नये. जॅकवर साखळीने बांधून, शेवटचे बोल्ट काढल्यावर तो सरळ मागे ओढावा. पुढचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येण्यापूर्वी बॉक्स खाली झुकला, तर त्याचे सारे वजन प्लेटवर येऊन ती वाकते. ही चूक नवी प्लेट बसवून बॉक्स परत चढवितानाही होते, आणि मग नवीच प्लेट वाया जाते.

जोडणी झाल्यावर तेल भरल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. प्रोपेलर शाफ्टचा शेवटचा नट आवळून होईपर्यंत पाचरी जागच्या जागी राहू द्याव्यात.