अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं

प्रश्न : बदलीमुळे बराकपूरला आलो. इथल्या मराठी मंडळींच्या पुस्तकांची यादी जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये भरली, तर सगळीकडे '????' दिसतं. त्याला मराठी येत नाही का?
– एक वाचक, बराकपूर

उत्तर : येतं की! आवृत्ती ८.० च्या आधी अक्षरसंचाचं मूळ सेटिंग लॅटिन-१ असे आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. घाईने पुन्हा इन्स्टॉल करू नका. आधी बॅकअप घ्या, मग साठवलेले कोड पाहायला एका नोंदीवर हेक्स() चालवा. सुरुवातीला देवनागरीचं ई०ए४ दिसलं तर मजकूर शाबूत आहे; फक्त जोडणीचं सेटिंग देवनागरी सामावणारं यूटीएफ८एमबी४ करा. नुसतं ३एफ ३एफ, म्हणजे प्रश्नचिन्हाचाच कोड, आलं, तर मात्र मूळ अक्षरं गेली. टेबल आणि जोडणी दोन्ही बदलून तेवढ्या नोंदी पुन्हा भराव्या लागतील.