रोषणाईच्या डेटाला फाटा कसा द्यावा

पिक्सेल एलईडीच्या माळेत तीन तारा असतात: पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि डेटा. पहिल्या दोन विजेच्या. त्यांना हवा तिथे जोड मारून फाटा काढता येतो. तिसरी हुकमाची. तिला तसाच फाटा काढला की रोषणाई बिघडते आणि बिघाड दिसतो भलतीकडेच. शेवटचे दिवे लुकलुकतात, मधले पन्नास एकदम पांढरे पडतात, हिरव्याच्या जागी जांभळा येतो. मग माळ खराब निघाली, कंट्रोलर हलका निघाला असे ठरवून नवा माल आणला जातो, आणि तोही तसाच वागतो.

हे घडते सवयीमुळे. परभणी, सेलू, गंगाखेडकडच्या घरांत भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या मखराला आणि दिवाळीत कठड्याला, जिन्याला, फाटकाला रोषणाई होते. कंट्रोलर बैठकीत किंवा देवघराशेजारी ठेवलेला असतो आणि दिवे चार दिशांना पांगलेले. वायरमनच्या हाताला समांतर जोडणी बसलेली असते: जंक्शन बॉक्स उघडायचा, तारेला तार पिळायची, टेप गुंडाळायची. पंख्याला आणि बल्बला हे चालते, कारण ५० हर्ट्‌झच्या विजेला घराची लांबी जाणवतच नाही. डब्ल्यूएस२८१२बी सारख्या पिक्सेल चिपला मात्र डेटा सेकंदाला आठ लाख बिट या वेगाने जातो. त्या वेगाला वीस मीटर तारही लांब ठरते.

कालव्याचे दार एकदम बंद केले तर पाण्याची लाट दाराला आपटून मागे फिरते. उघड्या टोकाच्या तारेत डेटाच्या संकेताचे तेच होते. तारेतून संकेत साधारणपणे प्रकाशाच्या दोन तृतीयांश वेगाने धावतो, म्हणजे मीटरला पाच नॅनोसेकंद. वीस मीटरच्या फाट्यात जाऊन परत यायला त्याला २०० नॅनोसेकंद लागतात. चिप ‘शून्य’ ओळखते ते ४०० नॅनोसेकंद टिकणाऱ्या उंच पातळीवरून आणि ‘एक’ ओळखते ८०० नॅनोसेकंदांवरून. इकडेतिकडे होण्याची मुभा १५० नॅनोसेकंदांची. मागे फिरलेली लाट ही मुभा ओलांडते आणि शून्याचा एक वाचला जातो. पाच मीटरच्या फाट्यात तोच फेरा ५० नॅनोसेकंदांत आटोपतो. म्हणून दुकानाच्या टेबलावर माळ झकास चालते आणि गच्चीवर चढवली की वेड्यासारखी करते. अशा वेळी दुकानदारही खोटा नसतो आणि गिऱ्हाईकही.

केबल टीव्हीवाला एका तारेतून दोन घरांना जोडणी देतो ती अशी पिळून देत नाही. त्याच्या छोट्या स्प्लिटरमध्ये तारेच्या ७५ ओहमशी जुळणारी रचना असते आणि वाटणीत संकेत निम्म्याहून थोडा कमी उरतो. दिव्यांच्या डेटाला ही डबी चालत नाही. तिथे संकेत वाटून भागत नाही; प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी तो नव्याने घडवून द्यावा लागतो. पुढचे सगळे नियम याच एका गोष्टीतून निघतात.

पिक्सेलच्या माळेत ही सोय मुळातच आहे. प्रत्येक चिप आपल्या वाट्याचे २४ बिट ठेवून घेते आणि उरलेला डेटा ताजा करून पुढे धाडते. त्यामुळे सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे फाटा काढूच नये. पहिल्या फांदीच्या शेवटच्या पिक्सेलमधून निघणारा डेटा एका जादा तारेने मागे आणावा आणि दुसऱ्या फांदीच्या सुरुवातीला द्यावा. कागदावर दोन फांद्या दिसल्या तरी चिपच्या दृष्टीने ती एकच लांब माळ राहते. परतीची तार चार-पाच मीटरपेक्षा लांबत असेल तर मध्ये एक पिक्सेल जोडून सॉफ्टवेअरमध्ये तो कायमचा बंद ठेवतात. तो उजळत नाही, फक्त डेटा ताजा करून पुढे देतो. या पद्धतीला मर्यादा पडते ती वेळेची. एका पिक्सेलला ३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे हजार पिक्सेलना ३० मिलिसेकंद. त्याहून लांब माळ चालते, पण हालचाल अडखळल्यासारखी दिसू लागते.

मखराच्या दोन खांबांवर एकच नक्षी हवी असेल तर फाटा रास्त आहे, पण मध्ये बफर आयसी हवी. ७४एचसीटी१२५ या आयसीत चार स्वतंत्र दालने असतात. चारही इनपुट एकत्र करून कंट्रोलरच्या डेटाला जोडावेत; चार आउटपुट चार फांद्यांना जातात, प्रत्येकाच्या मुळाशी शंभर ओहमच्या आसपासचा रेझिस्टर. हीच आयसी आणखी एक दुखणे मिटवते. डब्ल्यूएलईडी हे सॉफ्टवेअर चालवणारे ईएसपी३२ बोर्ड ३.३ व्होल्टचा डेटा देते, तर ५ व्होल्टवरच्या चिपला ‘उंच’ म्हणायला किमान ३.५ व्होल्ट लागतात. काठावर चालणारी अशी जोडणी संध्याकाळी ठीक वाटते आणि रात्री दगा देते. एचसीटी जातीच्या आयसीला इनपुटवर २ व्होल्ट पुरतात आणि बाहेर ती ५ व्होल्टच्या जवळपास देते. आयसी घेताना मधली ‘टी’ ही अक्षरखूण पाहून घ्यावी. नुसत्या एचसी जातीला ही सवलत नसते.

दोन फांद्यांवर वेगवेगळ्या नक्ष्या हव्या असतील तर कंट्रोलरचे वेगळे पोर्टच लागतात. एका पिनवरून निघालेला डेटा सगळ्या फाट्यांवर तोच जाणार, कितीही चांगला बफर लावला तरी.

पुढचा घोटाळा निगेटिव्हचा, आणि तो डेटाचा वाटत नाही म्हणून सापडत नाही. चिप डेटाचा व्होल्टेज मोजते तो स्वतःच्या निगेटिव्हपासून. पाच व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा उजळला तर सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. शंभर पिक्सेल ६ अँपिअर. ही वीज ०.७५ चौरस मिलिमीटरच्या दहा मीटर तांब्याच्या तारेतून परत येताना तिच्यात सुमारे १.४ व्होल्ट पडतात. म्हणजे फांदीकडचा निगेटिव्ह कंट्रोलरच्या निगेटिव्हपेक्षा तितका वर उचलला जातो आणि ३.३ व्होल्टचा डेटा तिथे १.९ व्होल्टचा भासतो. उपाय जुनाच आहे: फांदीजवळ वेगळा एसएमपीएस बसवावा, दोन एसएमपीएसचे पॉझिटिव्ह कधीही एकत्र करू नयेत आणि निगेटिव्ह मात्र सगळीकडे एक ठेवावा. डेटाच्या तारेसोबत तिची स्वतःची निगेटिव्ह तार पिळून न्यावी. एकटी डेटाची तार पाइपातून ओढणे ही काटकसर महागात पडते.

निगेटिव्ह एक करतानाचा क्रमही सांभाळावा लागतो. अर्थिंगची पिन नसलेल्या, दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या एसएमपीएसच्या पत्र्याला हात लावला तर मुंग्या येतात. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे तो पत्रा घरच्या विजेच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत असतो, आणि अनेकदा डीसीची बाजूही त्याच्यासोबत. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला धोका सहसा नसतो. पण चालू स्थितीत डेटाची तार निगेटिव्हच्या आधी टेकली की तोच प्रवाह पहिल्या पिक्सेलमधून किंवा कंट्रोलरच्या पोर्टमधून वाट काढतो. माळेतला नेमका पहिला पिक्सेल मरतो तो बहुधा असा. मेन स्विच बंद करूनच जोडणी करावी, आधी निगेटिव्ह, शेवटी डेटा. अर्थिंग असेल तर त्यावर विसंबतानाही ऋतू पाहावा: परभणीची काळी जमीन भाद्रपदात ओली असते, तेव्हा अर्थिंग चांगले लागते, वैशाखाच्या लग्नसराईत ती भेगाळते आणि पाणी न घातलेला तोच खड्डा कमजोर होतो.

हळदीला किंवा गच्चीवरच्या कार्यक्रमाला भाड्याने आणलेले पार लाइट आणि शार्पी डीएमएक्सवर चालतात. ही पद्धत अमेरिकेत नाट्यगृहांसाठी १९८६ साली ठरली आणि १९९० साली सुधारली गेली. एका ओळीवर ५१२ चॅनेल, सेकंदाला अडीच लाख बिट. तार पिळलेल्या जोडीची आणि १२० ओहमची असावी लागते. दिव्यामागे ‘इन’ आणि ‘आउट’ अशी दोन सॉकेटे असतात ती एका दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्यासाठी. तरीही साउंडवाल्याकडची माइकची वाय-केबल इथे हटकून वापरली जाते, कारण तीन पिनांचा प्लग दोन्हीकडे बसतो. वाय-जोडावर दोन १२० ओहमच्या फांद्या मिळून संकेताला ६० ओहम दिसतात आणि त्याच्या व्होल्टेजचा एक तृतीयांश हिस्सा तिथूनच उलटा फिरतो. डीएमएक्सचा एक बिट ४ मायक्रोसेकंदांचा असल्याने ही ओळ पुष्कळ सोसते. हेच घातक आहे. चुकीची जोडणी चार दिव्यांवर निमूट चालते, हाताला सवय लागते आणि वीस दिव्यांच्या दिवशी सगळे शार्पी आभाळात भलतीकडे वळतात.

फाटा हवाच असेल तर डीएमएक्सचा स्प्लिटर घ्यावा. त्याचा प्रत्येक आउटपुट ही नवी ओळ असते: तिच्यावर पुन्हा ३२ दिव्यांपर्यंतचा भार आणि तिच्या शेवटच्या दिव्यात स्वतःचा टर्मिनेटर. टर्मिनेटर म्हणजे प्लगमध्ये पिन २ आणि ३ यांच्यामध्ये जोडलेला १२० ओहमचा रेझिस्टर, तपकिरी-लाल-तपकिरी पट्ट्यांचा. चार आण्याची वस्तू, पण भाड्याच्या पेटीत ती क्वचितच सापडते. अर्धे दिवे महावितरणच्या विजेवर आणि अर्धे जनरेटरवर असतील तर स्प्लिटर ऑप्टिकल आयसोलेशनचाच हवा. डीएमएक्स ज्या आरएस-४८५ वर उभे आहे त्यातला रिसीव्हर दोन टोकांच्या निगेटिव्हमधला फरक उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच सोसतो. स्वस्त स्प्लिटरमध्ये इनपुट वेगळा केलेला असतो आणि सगळे आउटपुट आपसात जोडलेलेच राहतात. विकत घेताना हे विचारून घ्यावे.

कॉम्प्युटरवरून नेटवर्कने दिवे चालवणाऱ्यांना फाट्याची काळजी कमी, कारण नेटवर्क स्विच स्वतःच डेटा नव्याने घडवतो. दोन ठिकाणी मात्र गफलत होते. एका जॅकचे दोन जॅक करणारी छोटी आरजे-४५ डबी म्हणजे स्विच नव्हे. आणि काही कंट्रोलर पिक्सेलचा डेटा दूर पोचवण्यासाठी त्याच जॅकमधून आणि त्याच कॅट-५ केबलमधून वेगळ्याच जातीचा संकेत धाडतात. ती केबल चुकून स्विचमध्ये खोचली तर पोर्ट जळू शकतो. वाय-फायवर मल्टिकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवणे, टाळून प्रत्येक कंट्रोलरला त्याच्या ठरलेल्या पत्त्यावर डेटा पाठवावा. ५१२ चॅनेलच्या एका युनिव्हर्समध्ये तिरंगी १७० पिक्सेल बसतात, म्हणजे हजार पिक्सेलना सहा युनिव्हर्स. मल्टिकास्टमध्ये हा सगळा लोंढा वाय-फायच्या सर्वांत संथ दराने फिरतो आणि घरातले मोबाइलही रखडतात.

महालक्ष्म्यांचा मुक्काम तीन दिवसांचाच असल्याने तपासणी आवाहनाच्या आदल्या दिवशी, तारा खऱ्या लांबीला पसरूनच करावी. प्रथम एकच फांदी जोडून चालवावी, मग एकेक वाढवावी. सगळे दिवे काही मिनिटे पूर्ण पांढरे ठेवावेत, नंतर अगदी मंद निळे. गडबड फक्त पांढऱ्यातच दिसली तर दोष विजेच्या तारांचा किंवा निगेटिव्हचा. मंद रंगातही मधूनच भलत्या रंगाचे ठिपके चमकत असतील तर डेटाचा, आणि पहिला संशय कंट्रोलरपासून पहिल्या पिक्सेलपर्यंतच्या तारेवर घ्यावा.