जादा खर्चाचे पैसे परस्पर दुकानदाराला देताना

लांजा तालुक्यात घर बांधणाऱ्यांमध्ये मुंबई-पुण्यात नोकरी करणारे बरेच असतात. ठेका मटेरियलसकट दिलेला असतो. जोते होते, चिऱ्याच्या भिंती चढतात, आणि मग कॉन्ट्रॅक्टरचा फोन येतो : “तुम्ही पसंत केलेली फरशी ठेक्यात बसत नाही, वरचे पैसे दुकानदाराला परस्पर पाठवा.” ही पद्धत सोयीची आहे. आपले पैसे नेमके कशाला गेले हे त्यात दिसते. मात्र थेट पैसे देणारा ग्राहक आपण ठरता, त्यामुळे मोजणी, बिल आणि तक्रार या गोष्टीही आपल्याकडे येतात. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. आधी करार काढून वाचा. त्यात फरशी, नळाच्या तोट्या, दारे-खिडक्या, रंग यांचे दर कितीपर्यंत धरले आहेत ते पाहा. ‘चांगल्या प्रतीची फरशी’ एवढेच लिहिले असेल, तर जादा किती हे ठरवायला आधारच उरत नाही. अशा वेळी ऑर्डर देण्यापूर्वी कॉन्ट्रॅक्टरकडून धरलेला दर लिहून घ्या.

२. प्रत्येक जादा कामाची वेगळी चिठ्ठी करा. काम कोणते, माप किती, ठेक्यातला दर, नवा दर, फरक, मजुरी वाढते का, आणि पैसे कोण कोणाला देणार, एवढे तिच्यात असावे. दोघांच्या सह्या घ्या. आपण गावी नसाल तर चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून ‘मान्य’ असे लेखी उत्तर द्या. ही चिठ्ठी माल निघण्यापूर्वी व्हायला हवी. माल अंगणात उतरल्यावर दराबद्दल बोलण्यात फारसा जोर राहत नाही.

३. वजावट रुपयांत लिहून घ्या. सर्वाधिक नुकसान या पायरीवर होते. समजा, ठेक्यात फरशी ५० रुपये चौरस फूट दराने धरली आहे, आपण ८५ रुपयांची निवडली आणि क्षेत्र ८०० चौरस फूट आहे. दुकानदाराला आपण पूर्ण ६८,००० रुपये दिलेत, तर कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातून ४०,००० रुपये कमी व्हायला हवेत. आपल्यावरचा खरा जादा बोजा २८,००० रुपयांचाच आहे. ही वजावट लिहिलेली नसेल तर शेवटच्या हप्त्यात ते ४०,००० पुन्हा दिले जातात, आणि सहा महिन्यांनी ते कोणाच्या लक्षातही राहत नाही. फरशी कापताना जाणारी तूट कोणाच्या खात्यावर, हेही तिथेच लिहा.

४. दुकानदाराशी स्वतः बोला. कोटेशन आपल्या नावाने मागा. त्यात मालाची किंमत, जीएसटी, वाहतूक आणि हमाली वेगवेगळी दाखवलेली असावी. आपल्याकडे वाहतुकीचा आकडा लहान नसतो. महामार्गापर्यंत ट्रक येतो, पण वाडीकडे जाणारा रस्ता अरुंद असला तर माल टेम्पोत किंवा ट्रॅक्टरमध्ये पुन्हा भरावा लागतो. ही दुबार वाहतूक कोण देणार, ते आधीच ठरवा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी १८ टक्के झाला आहे. जुन्या दराने काढलेले अंदाजपत्रक हाती असेल तर सुधारून मागा.

५. कॉन्ट्रॅक्टरच्या उधारीपासून आपले खाते वेगळे ठेवा. बऱ्याच कॉन्ट्रॅक्टरांचे हार्डवेअरच्या दुकानात उधारीचे खाते चालते. त्या खात्यात आपण पैसे भरले तर ते त्यांच्या जुन्या बाकीत वळते होऊ शकतात, आणि आपला माल बाकीच राहतो. दुसरा धोका कायदेशीर आहे. कॉन्ट्रॅक्टर आपल्या वतीने माल उचलतो, असा समज आपल्या शब्दांतून किंवा वागण्यातून दुकानदाराचा झाला, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३७ नुसार त्या मालाचे देणे आपल्यावर येऊ शकते. म्हणून पहिल्याच व्यवहारात दुकानदाराला लेखी कळवा : “मी लेखी कळवलेल्या मालाचेच पैसे देईन. बाकीची उधारी कॉन्ट्रॅक्टरची स्वतःची आहे.” हे सांगताना संकोच करू नये, बाजारातल्या जुन्या दुकानदारालाही यामुळे कोणाकडून काय येणे आहे हे स्पष्ट होते.

६. पैसे बँकेतून, बिलावरच्या नावाच्या खात्यातच द्या. यूपीआयवर पाठवण्यापूर्वी समोर दिसणारे नाव वाचा. दुकानाऐवजी भलत्याच व्यक्तीचे नाव दिसले तर थांबा. एकाच व्यवहारात किंवा एका दिवसात एका व्यक्तीकडून दोन लाख रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, हे दुकानदारालाही ठाऊक असते. पक्के बिल आपल्या नावाने घ्या. पंपाची वॉरंटी त्यावर मिळते, आणि पुढे घर विकायची वेळ आली तर बांधकामाचा खर्च दाखवायला तेच उपयोगी पडते.

७. माल उतरताना कोणीतरी विश्वासू माणूस हजर ठेवा. चलनावर सही करण्यापूर्वी त्याने मोजणी करावी. चिरा नगावर मोजतात, म्हणून फुटलेले नग वेगळे काढून चलनावर लिहावेत. वाळू आणि खडी ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची टेपने घ्यावी. ओलसर वाळू फुगून जास्त दिसते, हे ध्यानात असावे. सळईसाठी सोपा हिशेब आहे : मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिमीच्या सळईला १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो, १२ मीटरची सळई साधारण १०.७ किलो भरते. अशा ५० सळया सुमारे ५३३ किलो व्हायला हव्यात. मानकानुसार या जाडीत पाच टक्क्यांचा फरक चालतो. त्याहून अधिक तफावत दिसली तर वजनकाट्याची पावती मागा.

८. चिरा, वाळू, खडी ही गौण खनिजे आहेत. त्यांच्या गाडीसोबतचा वाहतूक परवाना पाहा आणि त्याची प्रत बिलाला जोडा. विनापरवाना गौण खनिजाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो. स्वस्तात मिळते म्हणून असा माल घेऊ नये.

९. गृहकर्ज असेल तर बँक मंजूर अंदाजपत्रकाप्रमाणे टप्प्याटप्प्याने रक्कम देते. जादा खर्च त्यात आपोआप येत नाही. मोठी वाढ असेल तर सुधारित अंदाजपत्रक आधी सादर करा, नाहीतर ती रक्कम स्वतःच्या पैशातून बाजूला ठेवा.

१०. सिमेंट एप्रिल-मेमध्ये भरून ठेवू नका. पावसात काम थांबले तर गोणी दमट हवेत पडून राहतात, आणि तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये.

११. शेवटचे बिल देण्यापूर्वी सर्व चिठ्ठ्या, बिले आणि वजावटी एका कागदावर मांडून कॉन्ट्रॅक्टरसोबत बसा. उरलेल्या फरशीची न उघडलेली खोकी दुकानदार परत घेणार का, हे खरेदीच्या वेळीच बिलावर लिहून घेतलेले असेल तर ती रक्कमही याच वेळी येते. दोन-चार फरश्या मात्र घरात ठेवा. पुढे दुरुस्तीला त्याच रंगाची मिळेलच असे नाही. माल सदोष निघाला आणि दुकानदार दाद देत नसेल, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मालासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही ती दाखल होते, त्यामुळे मुंबईत राहणाऱ्यांना केवळ त्यासाठी रत्नागिरीला खेपा घालाव्या लागत नाहीत.